दादाला घरीच ठेवायचंय. मदतीला माणूस कुठून आणि कसा आणायचा?

मिरजवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायची वेळ आता आली.

माझा थोरला भाऊ, वय ४४. बौद्धिक अक्षमता, सर्टिफिकेटवर ७५ टक्के. बोलतो मोजकंच. आम्हाला सगळं कळतं, बाहेरच्याला निम्मं. दादा आणि आई मिरजेत, मी बायको-मुलीसोबत पुण्यात. वडील रेल्वेत होते, सहा वर्षांपूर्वी गेले. आई ७३ वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालंय, पण हातात जोर नाही. दादाची दाढी, त्याची पाठ चोळणं, शर्टाची वरची दोन बटणं, या सगळ्यामागे तिचा उजवा हात होता हे तो मोडल्यावर आमच्या लक्षात आलं.

ब्युरोकडून बाई ठेवली आहे, सकाळी ८ ते रात्री ८. महिना १८ हजार. बाई वाईट नाहीत हो. पण त्या अंथरुणावरचे पेशंट सांभाळून आलेल्या. दादा ठणठणीत आहे, दोन जिने धावत चढतो. त्याला त्या खुर्चीत बसवून भरवतात आणि टीव्ही लावून देतात. तिसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःच्या मनगटाला चावायला सुरुवात केली. पंधरा वर्षांत असं केलं नव्हतं. डॉक्टरांनी शांत राहायची गोळी वाढवून दिली, तर आता दुपारभर झोपतो आणि रात्री दोनला उठून फेऱ्या मारतो.

नातेवाईक म्हणतात संस्थेत ठेव. आई म्हणते, मी डोळे मिटल्यावर काय ते करा. ज्यांच्या घरी असं कोणी मोठं माणूस आहे त्यांनी सांगा, घरी मदत कशी उभी केलीत? आणि किती दिवस टिकली?

खवचट आजोबा
बाई ८ ते ८ येतात. राहिलेल्या ८ ते ८ चा पगार आईला कोण देतं म्हणे?

(सॉरी. माझीही एक बहीण अशीच होती. आमची आई ८६ व्या वर्षापर्यंत तिची वेणी घालत होती.)

सुलभा_के
मिरजवाला, माझा मुलगा २९ चा आहे, ऑटिझम. एकच विचारते. आई पडायच्या आधी दादांचा दिवस कसा जायचा? तासातासाने लिहा. "घरीच असायचा" असं लिहू नका, घरी असणाऱ्यालाही दिवस असतो.

मिरजवाला
सुलभाताई, लिहायला बसलो तर मलाच नीट माहीत नव्हतं. आईला फोन करून विचारलं.

साडेसहाला उठतो. कापडी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या डेअरीत जातो, दुधाच्या दोन पिशव्या आणतो. पैसे नेत नाही, डेअरीवाले मामा वहीत लिहितात. वाटेत इस्त्रीवाल्याला हात करतो, तो "काय साहेब" म्हणतो. घरी आल्यावर पिशव्या धुऊन पातेल्यात ठेवतो. मग चहा. मग वडिलांच्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी, रोज. अकराला भाजी निवडतो, मेथी अगदी स्वच्छ. गवार मात्र कच्चीच खातो. दुपारी झोप नाही. चारला कट्ट्यावर, तिथे शाळेची पोरं भेटतात. संध्याकाळी दिवा लावताना उदबत्तीची पेटी तोच काढून देतो.

सुलभा_के
आणि आता दूध कोण आणतं?

मिरजवाला
बाई. येताना घेऊनच येतात, तेवढाच वेळ वाचतो म्हणून.

सुलभा_के
सापडलं.

चौकटराजा
+१. हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

निशिगंध
दुधाचा मुद्दा मोठाच आहे, पण मी जरा रुक्ष बोलते, कारण हे लोक फार उशिरा विचारतात. मी याच कामात आहे, एवढंच सांगते.

मिरजवाला, दादांचं कायदेशीर पालकत्व घेतलंय का? मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, मग मूल कितीही अवलंबून असो. राष्ट्रीय न्यास म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, तिचा कायदा १९९९ चा. त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमायची सोय आहे. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती नेमते. तुमची सांगलीला. आई आणि तुम्ही दोघं मिळून अर्ज करा. आई एकटी पालक झाली तर काही वर्षांनी सगळं परत पहिल्यापासून.

दुसरं म्हणजे वडील रेल्वेत होते. आता आईला फॅमिली पेन्शन मिळत असणार. स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला आईनंतर ते पेन्शन आयुष्यभर मिळू शकतं. पण आई असतानाच त्याचं नाव पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, चढवून घ्या. नंतर केलं तरी होतं, पण तेव्हा धावपळ करणारे तुम्ही एकटे असाल, आणि ऑफिसात "आधी का नाही केलंत" हे प्रत्येक टेबलावर ऐकावं लागेल. पेन्शन जमा व्हायला बँक खातं लागतं आणि तिथे परत पालकत्वाचा दाखला मागू शकतात.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्राचं अपंगत्वाचं ओळखपत्र, असेलच.

मिरजवाला
कार्ड आहे. पालकत्व नाही. पेन्शनचं तर डोक्यातही नव्हतं. वडील असते तर त्यांनी केलं असतं, ते कागदांचे पक्के होते.

डोंबिवली फास्ट
थोडं विरोधात लिहितो, रागावू नका.

"घरीच" हा शब्द आपण फार पवित्र करून ठेवला आहे. माझा मुलगा ३१ वर्षांचा, गेली पाच वर्षं निवासी संस्थेत आहे. मी दर रविवारी जातो. त्याला तिथे मित्र आहेत. घरी त्याला कोण होतं? मी आणि बायको, दोन म्हातारी माणसं आणि एक टीव्ही. आमच्या सोसायटीत कोणी त्याच्याशी बोलत नसे, लिफ्टमध्ये लोक मोबाईल काढायचे.

आणि आपल्याकडच्या या संस्था कोणी वरून पाडलेल्या नाहीत. डोंबिवलीजवळच्या खोणीचं घरकुल, बदलापूरचं आणि नाशिकचं आधार, या पालकांनी एकत्र येऊन काढलेल्या जागा आहेत. नेमक्या "आमच्यानंतर काय" या प्रश्नातून. पुण्याजवळ मारुंजीला नवक्षितिज आहे.

आई असेपर्यंत घरी आणि आई गेली की दुसऱ्या दिवशी संस्थेत, हा मला सर्वांत क्रूर मार्ग वाटतो. त्या माणसाची आई जाते, घर जातं, पलंग जातो आणि सकाळचा चहाही बदलतो, सगळं एकाच आठवड्यात.

कोकणकन्या
पटलंही आणि नाहीही. डोंबिवली म्हणजे मिरज नव्हे. त्यांच्याकडे डेअरीवाले मामा आहेत, इस्त्रीवाला आहे, कट्टा आहे. चाळीस वर्षांत जमलेलं हे गणगोत उचलून मारुंजीला नेता येत नाही.

डोंबिवली फास्ट
मान्य. पण डेअरीवाले मामाही साठीचे असतील.

खवचट आजोबा
मामांचा मुलगा दूध ॲपवर विकेल. दादा ॲपला हात करणार कसा?

गुरुजी
विषयांतराबद्दल क्षमस्व. सर्वांना विनंती, "मतिमंद" शब्द वापरू नये. "दिव्यांग" हा योग्य शब्द आहे.

कोकणकन्या
गुरुजी, या धाग्यावर तो शब्द फक्त तुम्ही लिहिला आहे.

चौकटराजा
😂

निशिगंध
शब्दांवरून सुरू झालंच आहे तर सांगते. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींना मी "बौद्धिक अक्षम" म्हणाले. त्या म्हणाल्या, "बाई, माझ्या लेकाला शंकर म्हण." तेव्हापासून फॉर्मवर काय लिहायचं ते लिहिते, बोलताना नाव घेते.

बे एरियाची मावशी
मी सॅन होजेला असते. मुलगी २२, सेरेब्रल पाल्सी आणि सोबत बौद्धिक अक्षमता. इथली व्यवस्था सांगते. हेवा वाटावा म्हणून नाही, कोणते तुकडे उचलता येतील ते बघा.

कॅलिफोर्नियात १९६९ चा लँटरमन कायदा आहे. त्यात अशा व्यक्तीला मदत मिळणं हा हक्क आहे, कृपा नाही. राज्यभर २१ रिजनल सेंटर आहेत, तिथे तिचा एक समन्वयक असतो. शिवाय काउंटीकडून, म्हणजे इथल्या जिल्ह्याकडून, घरातल्या मदतीचे तास मिळतात. एक बाई घरी येऊन बघून जाते. आंघोळीला किती वेळ, जेवायला किती, रात्री कोणी जागं राहावं लागतं का, सगळं मिनिटांत मोजते. महिन्याला जास्तीत जास्त २८३ तास. त्या तासांना माणूस आपण निवडायचा, आणि तो माणूस आईसुद्धा असू शकते. मला माझ्या मुलीला आंघोळ घालायचे पैसे मिळतात. पहिला चेक आला तेव्हा लाज वाटली होती. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

पण आजवर अकरा मुली आल्या आणि गेल्या. शिकवून तयार केली की तिला कुठेतरी दोन डॉलर जास्त मिळतात. तास कागदावर असतात, माणूस मिळत नाही. आणि मिरजवाला, ज्या दिवशी मी आजारी पडते त्या दिवशी माझ्या दारात येणारी शेजारीण नाही. समन्वयक आहे, तिला ईमेल करायचा.

डोंबिवली फास्ट यांना एक सांगायचंय. इथेही मोठमोठ्या सरकारी संस्था होत्या. आमच्या भागातलं अ‍ॅग्न्यूज २००९ मध्ये बंद झालं. तिथली माणसं साध्या गल्लीतल्या साध्या घरांत चार-पाच जण मिळून राहायला गेली. माझ्या वॉकच्या रस्त्यावर असं एक घर आहे, बाहेरून कळतही नाही. घर की संस्था, याच्या मधलं काहीतरी असतं.

डोंबिवली फास्ट
मावशी, हे मधलंच आपल्याकडे फारसं नाही. चार पालकांनी मिळून एक फ्लॅट घ्यायचा म्हटलं तर सोसायटीची एनओसी कोण आणणार? आम्ही दोन ठिकाणी विचारलं. एका चेअरमनने चहा पाजून नाही म्हटलं, दुसऱ्याने चहाही नाही पाजला.

रंजना९१
मी इथे नवीन आहे. माझी आई ब्युरोत काम करते, म्हणून लिहिते.

तुम्ही १८ देता ना, बाईंच्या हातात १२-१३ पडत असतील, बाकी ब्युरोचे. आणि त्यांना पाठवताना एवढंच सांगतात, "पेशंट आहे, मेंटल आहे, घरात आजी आहे." माझ्या आईला असंच सांगून एका घरी पाठवलं होतं. ती पहिले चार दिवस दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिली, भीतीने. मग त्या मुलाच्या आजीने तिला सांगितलं, याला गाडीच्या चाव्या आवडतात, हातात दिल्या की बस. चार दिवस उशिरा सांगितलं.

दूध आणलं ते कामचुकारपणा नव्हे, त्यांना वाटलं आपण चांगलं करतोय. ब्युरोच्या कामात माणूस पडला की बाईवर येतं, ब्युरो विचारतो "तुझं लक्ष कुठे होतं". मग बाई त्याला खुर्चीत बसवणारच. तुम्ही एकदा समोर बसून म्हणा की दादा पडला तर आम्ही तुम्हाला बोलणार नाही. लिहून दिलंत तर अजून चांगलं.

सुलभा_के
रंजना, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. धाग्यातली आतापर्यंतची सर्वांत कामाची पोस्ट.

आमच्याकडे दोनशे पानी वही आहे. कव्हरवर मुलाचा फोटो, आत "मला असं आवडतं". पंखा तीनवर. भातावर वरण ओतायचं नाही, बाजूला वाटीत. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी सांगायचं, "वाजणार हं". हात चावायला लागला तर हात धरायचा नाही, बादलीत पाणी भरायला द्यायचं. शेवटच्या पानावर शेजाऱ्यांचे नंबर. नवीन माणूस आला की पहिले तीन दिवस तो काही करत नाही, फक्त माझ्या मागे फिरतो, पूर्ण पगारी. लोकांना हे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

फोंडेकर
हांव गोंयचो. लहान मुलांच्या बाबतीत आमच्याकडे एक चांगलं काम झालंय. संगाथ संस्थेने ऑटिझमच्या मुलांसाठी डॉक्टर-थेरपिस्ट नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांना घरी पाठवून बघितलं. कार्यकर्ता आई आणि मुलाच्या खेळण्याचा व्हिडिओ घेणार, मग दोघं मिळून तो बघणार. "इथे तो तुमच्याकडे बघतोय, तुम्ही थांबलात म्हणून बघितलं," असं. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी, दोन्हीकडे मिळून अभ्यास झाला, २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत आला. आईवडिलांची मुलाला प्रतिसाद द्यायची पद्धत सुधारली, मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली.

मिरजवाल्यांचे दादा मोठे आहेत, त्यांना हे जसंच्या तसं लागू नाही. पण युक्ती वापरता येईल. आई दादाला दाढीला कशी बसवते त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि बाईंना दाखवा. आई सांगू शकणार नाही ते त्यात दिसेल.

मिरजवाला
फोंडेकर, हे मस्त. शनिवारी जातोच आहे.

परतफेड
पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून. निरामय आरोग्य विमा काढलाय का? राष्ट्रीय न्यासाचा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी कुठली वैद्यकीय तपासणी नाही. थेरपी आणि ओपीडीलाही मिळतात, त्यांच्या मर्यादा वेगळ्या. बिलं जपून ठेवायची. दादा तुमच्यावर अवलंबून असेल तर तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजावट (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडी), ४० टक्क्यांपासून ७५ हजार आणि ८० टक्क्यांपासून सव्वा लाख. जुन्या करपद्धतीतच, नव्यात नाही.

आणि घर थेट दादाच्या नावावर करू नका. तो विकू शकणार नाही, कोणी सही करवून घेईल मात्र. वकिलाकडून मृत्युपत्र आणि खासगी ट्रस्ट, दोन्हींची चौकशी करा.

गुरुजी
एसटीत ७५ टक्के सवलत आहे, हेही लिहावे.

चौकटराजा
गुरुजी, आता काढलात विषय! माझ्या मामेभावाला डाऊन सिंड्रोम आहे, सोलापूर-पंढरपूर गाडीत कंडक्टरला कार्ड दाखवलं. कंडक्टर म्हणाला, "याला काय झालंय? हा तर हसतोय." मामेभाऊ म्हणाला, "तू पण हस." अख्खी एसटी हसली. नंतर उतरेपर्यंत कंडक्टरने त्याला घंटीची दोरी ओढू दिली.

खवचट आजोबा
समाजाचा आधार म्हणतात तो हाच असावा. दोरी ओढू देणे.

डोंबिवली फास्ट
मूळ मुद्द्यावर परत येतो. मिरजवाला, संस्था आत्ता नको हे मान्य. पण एक करा. वर्षातून दोनदा, आठ-आठ दिवस दादांना कुठेतरी राहायला पाठवा. काही संस्था थोड्या दिवसांसाठी घेतात. न्यासाची समर्थ योजना याचसाठी निघाली. आई तेवढे दिवस तुमच्याकडे पुण्याला. दादाला कळू दे की आईशिवायची रात्र संपते आणि सकाळ होते. आईलाही कळू दे. आमच्याकडे मुलाला जड गेलं नाही, माझ्या बायकोला गेलं. पहिल्या रात्री ती दोनदा उठून त्याचं पांघरूण बघायला गेली. रिकाम्या पलंगावर.

मिरजवाला
(सात आठवड्यांनी)

काय झालं ते सांगायला हवं, एवढ्या लोकांनी लिहिलंय.

शनिवारी गेलो तेव्हा बाईंना समोर बसवून चहा दिला आणि रंजनाने सांगितलं तसं बोललो. लिहूनही दिलं. त्या रडल्या. आधीच्या एका घरी आजोबा पडले होते आणि यांचा महिन्याचा पगार कापला होता. दादाशी त्या एवढं जपून का वागत होत्या ते तेव्हा कळलं. आता ब्युरोचा करार संपला आहे, त्या थेट येतात, १६ हजार, सकाळी ७ ते दुपारी ३. दुपारनंतर वरच्या मजल्यावरचा बारावीचा मुलगा दोन तास येतो, अभ्यास इथेच करतो. दादा त्याच्या पेनांची टोपणं लावून ठेवतो.

व्हिडिओ काढला. त्यात दिसलं की आई दाढी करण्याआधी साबणाचा फेस दादाच्या तळहातावर देते, तो स्वतः वास घेतो आणि मग हनुवटी वर करतो. आईला विचारलं तर म्हणाली, "मी असं करते?"

दूध मात्र सोपं गेलं नाही. पहिले पाच दिवस दादा गेलाच नाही, पिशवी घेऊन फाटकात उभा राहिला आणि परत आला. त्याला वाटलं असेल आपल्याकडून काम काढून घेतलंय. सहाव्या दिवशी डेअरीवाले मामाच फाटकात आले. म्हणाले, "वही बंद पडली माझी, चल." गेला. चावणं पूर्ण थांबलं नाही, पण रोजचं राहिलं नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी गोळी हळूहळू उतरवायला घेतली आहे.

सांगलीला पालकत्वाचा अर्ज दिला, आई आणि मी दोघं. पीपीओचं काम सुरू आहे, एक टेबल झालं. आठ दिवस राहायला पाठवायचं आई अजून ऐकत नाही. दिवाळीनंतर बघू म्हणते. हे तिसरं "बघू".

डोंबिवली फास्ट
तिसऱ्यानंतर चौथं येतं. पण येऊ द्या.

सुलभा_के
वही केलीत का?

मिरजवाला
केली. बाईंनीच भर घातली आहे. त्यांच्या अक्षरात शेवटची नोंद, "दादांना गवार निवडायला देऊ नये, संपते."

रंजना९१
आईला वाचून दाखवलं. तिने विचारलंय, दोन्ही पिशव्या एकाच दुधाच्या असतात का?

मिरजवाला
एक गाईची, एक म्हशीची. मामांनी चुकून दोन्ही गाईच्या दिल्या तर दादा तिथेच उभा राहतो. हलत नाही.